चालू स्वरूपाची बाब

चहाचा कप ओठांशी नेता नेता तिचा हात थांबला. काहीतरी नव्हतं. काय नव्हतं ते कळेना. गॅसवर पाणी उकळत होतं, नवऱ्याचा रेडिओ बातम्या संपवून हवामानाकडे वळला होता, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढत होतं, खाली पार्किंगमध्ये एक गाडी सुरू व्हायला नेहमीसारखी कुरकुरत होती. सगळं जागच्या जागी होतं. तरीसुद्धा चष्मा घरी विसरून निघालेल्या माणसाला रस्त्यात जसं चुकल्याचुकल्यासारखं होतं, तसं तिला होत होतं. "अगं, गार होतोय तो," नवरा म्हणाला. "आज काय वेगळं आहे?" तिने विचारलं. त्याने आपल्या कपात डोकावून पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "आज दूध पातळ आहे." नवऱ्याचं हे असं. निवृत्त झाल्यापासून त्याचं जग कप, रेडिओ आणि गुडघा एवढ्यात मावत होतं आणि तो त्यात मजेत होता. तिने घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि मग तिला एकदम कळलं. शेजारचं बाळ रडत नव्हतं.

शेजारच्या घरात एक तरुण बाई राहायला आली त्याला बरेच महिने झाले होते. आली तेव्हा बाळ इतकंसं होतं आणि पहिल्या सकाळपासून ते रडत होतं. पोटात दुखत असेल, दात येत असतील, बाहेरचं दूध सोसत नसेल, असे सगळे तर्क हिने आणि हिच्या नवऱ्याने चहाबरोबर करून संपवले होते. सुरुवातीला तिचं डोकं उठायचं. नवरा कानात कापूस घालून बसायचा आणि मग तिचं बोलणंही त्याला ऐकू यायचं नाही, त्याबद्दल तो मनातून खूशच असावा. इमारतीच्या व्यवस्थापकाकडे जावं असंही एकदा ठरलं, पण तान्ह्या बाळाविरुद्ध तक्रार करायची कशी, म्हणून राहिलं. पुढे कधीतरी ते रडणं ऐकू येईनासं झालं. म्हणजे बाळ रडतच होतं, हिचा कान ऐकत नव्हता. असं नेमकं कुठल्या दिवशी झालं? ती आठवू लागली आणि तो दिवस काही सापडेना. ऐकू येण्याचा पहिला दिवस पक्का आठवत होता, ऐकू न येण्याचा पहिला दिवस कुठे नोंदलेलाच नव्हता. याचं तिला फार नवल वाटलं. कान आपला, आणि त्याने आपल्याला न विचारता एवढा मोठा निर्णय घेऊन टाकला. "मी जाऊन बघून येऊ का?" ती म्हणाली. नवरा म्हणाला, "आणि सांगशील काय? तुमचं बाळ रडत नाही म्हणून आले? वेड्यात काढेल ती. झोपलं असेल. सुटलो म्हण." ती हसली. पण निघताना, कुलपाची किल्ली पर्समध्ये टाकून झाल्यावर, ती शेजारच्या दारापाशी थांबली. बेलवर पाटी नव्हती. हात वर उचललेला होता तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपल्याला या बाईचं नावसुद्धा माहीत नाही. हाक काय मारायची? आतून काहीच आवाज नव्हता. ऑफिसात सकाळचे अर्ज येऊन पडले असतील. तिने हात खाली घेतला आणि जिना उतरली.

ऑफिसात तिला नियमबाई म्हणत. तोंडावर नाही, पण असं नाव पाठीमागून फिरत फिरत कानाशी येतंच. तिला त्याचा राग नव्हता. संसदेच्या इमारतीत सभागृहाच्या अगदी मागे तिची खोली होती. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या खोलीची भिंत, म्हणजे खिडकी असून नसल्यासारखी. तिचं काम असं, की दिवसाचं ठरलेलं कामकाज बाजूला सारून सभागृहाने अमुक विषय आजच घ्यावा, असं ज्या सभासदाला वाटतं तो सकाळी सभापतींकडे अर्ज देतो. सभापती अर्ज वरवर वाचतात आणि खालची टिपणी नीट वाचतात. ती टिपणी हिची. अर्ज तीन चाळण्यांतून गाळायचा. विषय नेमका हवा, उगीच आभाळाला गवसणी नको. आपल्या सरकारच्या हातात त्याबाबत काहीतरी असायला हवं. आणि बाब नव्याने घडलेली हवी. परदेशातल्या संकटांचे अर्ज पहिल्या दोन चाळण्यांतून कसेबसे निसटले तरी तिसरीत हमखास अडकत, कारण संकटं सहसा लांबतात. त्यासाठी तिने नोकरीच्या सुरुवातीलाच एक वाक्य बेतलं होतं: सदर बाब चालू स्वरूपाची असून तातडीच्या चर्चेच्या निकषात बसत नाही. तेव्हाच्या साहेबांनी त्या वाक्याची वाहवा केली होती. टाचणीलासुद्धा जागा नाही इतकं घट्ट बसलंय, असं ते म्हणाले होते. आणि ते वाक्य खोटं नव्हतं, हे तिचं आजही मत होतं. जग म्हटलं की कुठे ना कुठे काही ना काही चालूच असणार. प्रत्येक चालू दुःखासाठी सभागृह थांबलं तर रस्त्यांचा आणि दवाखान्यांचा खर्च मंजूर कोण करणार? तातडी म्हणजे काय, असं नवीन लागलेल्यांना ती शिकवायची. काल नव्हतं ते आज आहे, ती तातडी. कालही होतं आणि आजही आहे, ती परिस्थिती. नवीन लागलेले माना डोलवायचे.

टेबलावर एकच अर्ज होता. तो दाढीवाल्या सभासदांचा असणार हे तिने पाकीट न उघडता ओळखलं. विरोधी बाकांवर मागे बसणारे हे गृहस्थ दूरच्या एका डोंगराळ प्रांताच्या मागे हात धुऊन लागले होते. तिथे दोन सैन्यांनी मिळून वाट अडवली होती. धान्याच्या गाड्या खिंडीच्या अलीकडे उभ्या होत्या, त्यातलं काही धान्य आपल्या सरकारने दिलेलं होतं, आणि पलीकडे माणसं उपाशी होती. पहिल्या अर्जात त्यांनी आकडे दिले होते. नंतरच्या अर्जात तिथल्या एका डॉक्टरीणबाईंचं सांगणं उतरवलं होतं. त्यानंतर एक फोटो जोडला. फोटो जोडायला नियमात वाव नाही, म्हणून तिने टाचणी काढून तो वेगळ्या पाकिटात घालून परत पाठवला होता, पालथा धरून. प्रत्येक अर्जाखाली तेच घट्ट वाक्य गेलं होतं. आजच्या अर्जात आकडे नव्हते, डॉक्टरीणबाई नव्हत्या. फक्त एवढंच होतं: परवापासून त्या प्रांतातून कोणाचाही, कसलाही संदेश आलेला नाही, याची सभागृहाने आजच्या आज दखल घ्यावी. तिने ते वाचलं आणि सकाळी कपावर थांबला होता तसा तिचा हात पेनवर थांबला.

परवापासून काही नाही. फोन नाही, रेडिओ नाही, त्या डॉक्टरीणबाईंचा निरोप नाही. आता हे घडलं म्हणायचं, की घडायचं थांबलं म्हणायचं? तिचं कुतूहल जागं झालं. बाकीच्यांना ज्याची डोकेदुखी होते तिथेच तिला गंमत वाटू लागे, ही तिची लहानपणापासूनची खोड. लहानपण पाण्याच्या पंपघरात गेलं होतं. म्हणजे पंपघराला लागून असलेल्या दोन खोल्यांत. वडील पंपचालक होते. रात्रंदिवस भिंतीपलीकडे पंप धडधडायचा, ताटातली वाटी हलायची, पाहुणे आले तर पहिल्या दिवशी बहिरे झाल्यासारखे ओरडून बोलायचे. वडील मात्र त्या धडधडीत गाढ झोपत. वर वीज कोसळली तरी उठायचे नाहीत. आणि पंप बंद पडला की क्षणात उठून बसायचे, चप्पल शोधत. तिने एकदा विचारलं होतं, "तुम्ही झोपेत पंप ऐकत असता का?" ते म्हणाले, "नाही गं. पंप चालू असतो तेव्हा मला काहीच ऐकू येत नाही. थांबला की ऐकू येतो." आई तिकडून म्हणाली होती, "तेवढाच ऐकू येतो. मी हाका मारून मारून मेले तरी कूस बदलायचे नाहीत." मग सगळे हसले होते, आईसुद्धा. थांबल्यावर ऐकू येतो. त्या वयात तिला ते कोडं वाटलं होतं, आणि किती दिवस ती कानावर हात ठेवून आणि काढून पाहत बसली होती. आता त्या उघड्या पेनासमोर तिला वाटलं, की आपण नोकरीभर वडिलांचंच काम केलं. सभागृह झोपलेलं असताना पंप ऐकत बसायचं. मग आता पंप थांबलाय, तर उठवायचं नाही का?

मोठे साहेब, म्हणजे सभागृहाचे सचिव, अर्ज वाचून म्हणाले, "यात अडचण काय आहे? नेहमीचं वाक्य घाला."

"नेहमीचं बसत नाही साहेब. बाब चालू नाही. बंद पडली आहे."

"बाई, बातमी नाही म्हणजे प्रकरण नाही. पुरावा काय?"

"बातमी येत होती, ती येईनाशी झाली. काल होतं ते आज नाही."

"तुम्हीच शिकवता, काल नव्हतं ते आज आहे."

"तेच उलटं करून बघतेय," ती म्हणाली.

साहेब वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना निवृत्तीपर्यंत वादळ नको होतं इतकंच, आणि तसं कोणाला हवं असतं? "पूर्वी असं कधी झालंय?" त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. "मग उद्या कोणीही उठेल आणि सांगेल, माझ्या सासुरवाडीचा फोन लागत नाही, चर्चा घ्या." दोघंही हसले. पण तिने टिपणी लिहिली. घट्ट वाक्य नव्हतं, सैल होतं, दोनदा खोडलेलं: संदेश येणे थांबणे ही स्वतंत्र व नवी घटना मानता येईल किंवा कसे, याचा निर्णय माननीय सभापतींनी करावा. तिला ते आवडलं नाही. 'किंवा कसे' हा भित्र्या माणसाचा शब्द. तरी खोडला नाही, कारण तिला खरोखरच माहीत नव्हतं.

सभापती राजकारणात येण्याआधी जनावरांचे डॉक्टर होते आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. त्यांच्या दालनात गालिचा होता, तसबिरी होत्या, पण पाय पसरून बसायची त्यांची रीत अजून गोठ्यातलीच होती. टिपणी त्यांनी दोनदा वाचली. मोठ्या साहेबांनी आपला विरोध अदबीने मांडला. खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी हॉर्न वाजवत होती आणि थांबत होती, पुन्हा वाजवत होती. "बाई," सभापती म्हणाले, "साथ आली की गावात शिरल्याबरोबर काय व्हायचं सांगू? धनी हाताला धरून ओढत न्यायचा, जे जास्त हंबरतंय त्याच्याकडे. मी जायचो नाही. मी आधी कोपऱ्यात गप्प उभं असेल ते बघायचो. हंबरणाऱ्याच्या अंगात अजून हंबरायचं बळ आहे. गप्प झालेल्याचं काही सांगता येत नाही." मोठे साहेब म्हणाले, "पण ही तुलना..." तिला राहवेना. "आणि हंबरणारं?" तिने विचारलं. "ते कधी बघायचात?"

"त्याची पाळी आली की."

"पाळी यायची?"

सभापतींनी टिपणी खाली ठेवली. "कधी यायची. कधी त्याच्या आधी तेही गप्प व्हायचं."

"मग?"

"मग ते आधी बघायचो," ते म्हणाले आणि सवयीने हसले. पण हसू अर्ध्यावर ओसरलं, आणि टिपणीवर सही करताना त्यांनी वर पाहिलं नाही.

सही झाली म्हणजे चर्चा झाली असं मात्र नाही. सभापतींनी विषय वाचून दाखवायचा आणि म्हणायचं, परवानगीला ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी आपापल्या जागी उभं राहावं. मग उभं राहायचं. बोलायचं नाही, हात वर करायचे नाहीत, नुसतं उभं राहायचं, आणि सचिवांनी मोजायचं. ठरलेली संख्या भरली तर संध्याकाळी चर्चा, नाही भरली तर पुढचं कामकाज. सरकारी बाकांवरचे अशा वेळी बसून राहतात आणि पुढ्यातले कागद इतक्या एकाग्रतेने वाचतात की परीक्षेला बसल्यासारखे दिसतात. ही जुनी रीत. ती मोठ्या साहेबांच्या मागच्या ठेंगण्या खुर्चीवर बसली होती. तिथून तिला सभागृह नेहमी पायांकडून दिसायचं. बुटांचे जोड, एखादा मोजा घसरलेला, बाकाखाली सोडलेली एखादी सुजलेली टाच. सभापतींनी वाचलं. विरोधी बाकांवरून बूट हलले, माणसं उठली. दाढीवाले सगळ्यांत आधी. आठवड्याचा शेवट होता, बरेच जण आपापल्या गावाकडे निघून गेले होते. मोठ्या साहेबांच्या पेन्सिलीचं टोक हवेत एकेका डोक्यावर टेकत गेलं आणि थांबलं. थोडे कमी पडत होते. दोन-तीनच. सभागृह शांत होतं, उभे असलेले उभे, बसलेले बसलेले, आणि तिला आपला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. म्हणजे हे इथेच संपणार. एवढं 'किंवा कसे' करून शेवटी बुटांवरच अडणार. तिला वाईट वाटलं, आणि आपल्याला एवढं वाईट वाटतंय याचं आश्चर्यही वाटलं.

तेवढ्यात सरकारी बाकांवर आजोबांना जाग आली. आजोबा म्हणजे सभागृहातले सगळ्यांत जुने सभासद. दुपारपर्यंत झोपायचा त्यांना जणू हक्कच होता, आणि तो हिरावून घ्यायचं कोणाच्या मनातही येत नसे. त्यांनी डोळे उघडले. समोर माणसं मुकाट्याने उभी. हात अंगालगत. कोणी बोलत नाही, कोणी खोकत नाही. एवढ्या वर्षांत आजोबांनी किती शोकप्रस्ताव पाहिले असतील. ते काठीवर रेटा देऊन उठले. मान खाली घातली. बाजूला दोन नवे सभासद बसले होते, पहिल्यांदाच निवडून आलेले, ज्यांना अजून कुठल्या दाराने बाहेर जायचं हेही विचारावं लागे. आजोबांनी एकाला कोपराने ढोसलं आणि दबक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उठा. अशा वेळी बसू नये." दोघंही उठले. वडीलधारा माणूस उठ म्हणतो तर उठायचं, एवढंच त्यांना कळलं असणार. पुढच्या बाकावरून पक्षाचा प्रतोद, ज्याचं काम आपली माणसं धाकात ठेवायचं, हातवारे करून दमला. आजोबांचे डोळे मिटलेले होते.

पेन्सिल पुन्हा हवेत उठली आणि तिथेच थांबली. मोठे साहेब मागे वळून कुजबुजले, "बाई, हे धरायचे?"

सगळ्या सभागृहाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं, पण तिला ते आहे असं वाटलं. धरायचे का? त्यांची समजूत चुकली आहे, हे लहान पोरालाही कळेल. पण कोणाची समजूत बरोबर आहे? उभे राहिलेल्यांपैकी काही जण दाढीवाल्यांच्या मैत्रीखातर उभे होते, काही सरकारला डिवचायला, एक जण तर पाय मोकळे करायला उठला असावा असं वाटत होतं. त्यांच्यात हे आजोबा तेवढे मान खाली घालून उभे होते. ते ज्यांच्यासाठी उभे होते ती माणसं गेली आहेत असं धरून चालले होते, आणि ती तशी नाहीत हे इथे कोण छातीठोकपणे सांगणार होतं? "उभे आहेत ना?" ती म्हणाली.

"आहेत. पण ते..."

"का उभे आहेत ते नियम विचारत नाही, साहेब. कधीच विचारलेलं नाही."

पेन्सिल खाली आली, तीन वेळा. संख्या भरली. आजोबांनी डोळे उघडले, सगळ्यांबरोबर खाली बसले, आणि बाहेर पडताना दारात तिला गाठून अदबीने विचारलं, "कोण गेलं हो?" ती म्हणाली, "अजून कळलेलं नाही, आजोबा." त्यांनी मान हलवली. "कळलं की सांगा," ते म्हणाले.

संध्याकाळी चर्चा झाली. ती जशी व्हायची तशी झाली. निम्मे बाक रिकामे होते. दाढीवाल्यांना परवानंतरचं काहीच सांगता येईना, तेव्हा त्यांनी आधीच्या सगळ्या अर्जांतलंच पुन्हा सांगितलं. आकडे सांगितले, डॉक्टरीणबाईंचं म्हणणं वाचलं, आणि फोटो दाखवता येत नाही म्हणून त्यात काय आहे ते शब्दांत सांगितलं. ते ऐकताना तिला पहिल्यांदाच कळलं की आपण तो फोटो पालथा धरला होता म्हणजे नेमकं काय पालथं धरलं होतं. मंत्र्यांनी परिस्थितीवर बारीक लक्ष असल्याचं सांगितलं. मग, कदाचित आपल्याच बाकांवरची माणसं उभी राहिली होती म्हणून, आजच्या आज राजदूताकडून विचारणा करण्याचं आणि धान्याच्या गाड्यांबरोबर आपला माणूस पाठवण्याचंही कबूल केलं. नुसत्या लक्षापुढे मंत्री सहसा जात नसत, हे तिला माहीत होतं. हे काहीच नव्हतं असंही नाही. माणूस खरंच निघाला तर खिंडीपलीकडे कोणीतरी कान लावून येईल.

दाढीवाले कॉरिडॉरमध्ये तिची वाट पाहत होते. जवळून ते वाटले होते त्याहून थकलेले दिसत होते. "बाई, एक विचारू? रागावू नका," ते म्हणाले. "मी एवढे अर्ज दिले. एवढी माहिती गोळा केली. रात्र रात्र बसून आकडे जुळवले. ते सगळे परत आले. आणि आज मी काहीच लिहिलं नाही, माझ्याकडे लिहायला काहीच नव्हतं, आणि आजचा तेवढा मंजूर झाला. मी यात काय बरोबर केलं?"

"कारण सांगायची पद्धत नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं. मंजुरीचं कारण नाही, नामंजुरीचंही नाही. कारण दिलं की पायंडा पडतो.

"मला भांडायचं नाहीये. शिकायचंय. दुसरीकडे कुठे असं झालं तर मी पुढच्या वेळी काय लिहू?"

ते खरोखर शिकायला आले होते. विद्यार्थ्यासारखे खिशातला कागद चाचपत उभे होते. आणि उत्तर तिला ठाऊक होतं. ते एका वाक्यात मावत होतं, तिच्या नेहमीच्या वाक्याइतकंच घट्ट होतं, आणि ते तोंडातून बाहेर काढता येण्यासारखं नव्हतं. थांबा. तिकडची माणसं गप्प होईपर्यंत थांबा, मग लिहा. ती म्हणाली, "बघू," आणि आपलं हे 'बघू' 'किंवा कसे'पेक्षाही भित्रं आहे असं तिला वाटलं.

घरी येताना तिने नेहमीची वाट सोडून लांबची वाट धरली. दिवे लागले होते. दुकानांतून, खिडक्यांतून, बसच्या थांब्यावरून आवाजच आवाज येत होते, आणि ती एकेक आवाज मुद्दाम वेगळा करून ऐकू लागली. हा शटरचा. हा कोणाच्या तरी टीव्हीतल्या भांडणाचा. हा म्हातारा खोकतोय तो. किती दिवसांपासून खोकत असेल? विचारलं तर घरातले म्हणतील, त्यांचं चालूच असतं. वडिलांना पंप ऐकू यायचा तो थांबल्यावर, आणि ते पाना घेऊन धावायचे, आणि सगळे म्हणायचे काय कान आहे यांचा. पण पंप थांबण्याआधी काही दिवस वेगळा वाजत असेल ना? घासत असेल, धाप लागल्यासारखा. आईला ते ऐकू यायचं. आई म्हणायची, आज याचा आवाज बरा नाही. तिला कोण विचारतं? हे एवढी वर्षं तिला आठवलंच नव्हतं. हसण्यात राहून गेलं होतं. इमारतीच्या दाराशी येईपर्यंत तिला काळजी वाटत होती, भीती वाटत होती, आणि दोन्हींच्या खाली ते जुनं कुतूहल होतंच. आत काय असेल?

ती आपल्या दाराशी थांबली नाही. सरळ शेजारची बेल वाजवली.

बराच वेळ कोणी आलं नाही. मग पावलं आली, कडी निघाली. तरुण बाई उंबऱ्यात उभी होती, केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी उमटलेली, एक बोट ओठांवर. "हळू," ती कुजबुजली. "झोपलाय. आज पहिल्यांदाच एवढा झोपलाय. नवीन औषध लागू पडलं बहुतेक. मीसुद्धा झोपले, मला कळलंच नाही." मग तिने नीट पाहिलं. "काकू, तुम्ही शेजारच्या ना? काही काम होतं?"

नियमबाईंना एकदम हायसं वाटलं. तिने दाराची चौकट धरली. "नाही गं. काम काही नाही. आज सकाळपासून याचा आवाज आला नाही. म्हणून म्हटलं बघून यावं."

तरुण बाई हसली. खरंच आनंदाने हसली, कोणीतरी चौकशीला आलं म्हणून. मग ते हसू तसंच राहिलं आणि डोळे काहीतरी जुळवत राहिले. तिच्या मागे खोलीत नियमबाईंना एक खुर्ची दिसत होती, दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीला अगदी चिकटून ठेवलेली, पाठीला टॉवेल टाकलेली.

"म्हणजे रोज यायचा?" तरुण बाईने विचारलं. "आवाज?"

पद्धत नव्हती कारण सांगायची. पण हे सभागृह नव्हतं. "यायचा," ती म्हणाली.

तरुण बाईने मागे वळून त्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी गोष्ट अखेर कळल्यावर माणूस बोलतो तसं ती बोलली.

"हा फार रडायला लागला आणि मला काही सुचेनासं झालं, की मी त्याला घेऊन मुद्दाम त्या भिंतीशी बसायचे," ती म्हणाली. "वाटायचं, कोणीतरी येईल. मग म्हटलं, भिंत जाड असेल."